पीतबिंदूचा वार्धक्यजन्य ऱ्हास : लक्षणे

दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूची उतारवयात होणारी झीज. पीतबिंदूचा व्यास जेमतेम ५ मिलिमीटर; पण वाचणे, सुई ओवणे, चेहरा ओळखणे ही बारीक नजरेची सगळी कामे त्याच्यावरच चालतात. विकार बहुधा पन्नाशीनंतर दिसू लागतो. धूम्रपान करणाऱ्यांना आणि घरात कोणाला हा विकार असलेल्यांना त्याचा धोका अधिक.

डोळा दुखत नाही, लालही होत नाही. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून दुखणे फार काळ लपून राहते. आधी वाचायला जास्त उजेड लागतो. उन्हातून घरात आल्यावर नजर सरावायला वेळ लागतो. पुढे ओळीतली नेमकी पाहिलेली अक्षरेच पुसट होतात. बाजूची नजर शाबूत असल्याने माणूस घरात नीट वावरतो, मात्र दारात आलेल्याला आवाजावरून ओळखतो.

सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे सरळ रेषा वाकडी दिसणे : दाराची चौकट, फरशीचे सांधे, विजेचा खांब. ‘कोरडा’ प्रकार वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. ‘ओल्या’ प्रकारात दृष्टिपटलाखाली नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्यांतून द्रव व रक्त झिरपते आणि काही दिवसांत नजर ढासळू शकते. डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनांनी ही घसरण बहुतेकदा थोपवता येते. पण गेलेली नजर पुरती परत येईलच असे नाही. म्हणून रेषा वाकडी दिसताच नेत्रतज्ज्ञाकडे जायला हवे.

उतारवयातल्या इतर नेत्रविकारांची लक्षणे वेगळी असतात. मोतीबिंदूत सगळेच दृश्य धुरकट होते, समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपतात. काचबिंदूत बहुधा आधी कडेची नजर जाते. म्हातारपणी अंधुक दिसू लागले की ‘मोतीबिंदू असेल, पिकू दे’ म्हणत थांबण्याची जुनी रीत इथे फार महागात पडते. मोतीबिंदू आणि पीतबिंदूचा ऱ्हास हे दोन्ही विकार एकाच डोळ्यात असू शकतात.

घरच्या तपासणीसाठी स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांचा चौकटींचा तक्ता वापरतात. वाचायचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, मधल्या ठिपक्याकडे पाहायचे; मग दुसऱ्या डोळ्याने. रेषा लहरल्या किंवा चौकटी गायब झाल्या तर खूण पटली. तक्ता मात्र डोळ्यांच्या तपासणीची जागा घेत नाही.

नजर बरीच उणावल्यावर काहींना समोर नसलेली माणसे, फुले, नक्षी दिसतात. वेड लागले असे वाटेल या भीतीने वृद्ध ते घरात बोलत नाहीत. स्वित्झर्लंडच्या शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत हे नोंदवले. दिसते ते खरे नाही, हे अशा व्यक्तीला सहसा कळत असते; हा मनाचा आजार नसून नजर गेल्याचा परिणाम आहे.