लांकूड आणि आंकडा

कपाट विकत घेतांना आपण त्याची फळी ठोकून पाहतों, बिजागऱ्या हलवून पाहतों, किंमत विचारतों. पण ज्या नकाशावर तें कपाट प्रथम उभें राहिलें, त्याचा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वस्तुतः गेल्या अडीचशें वर्षांत सुतारकामांत जें स्थित्यंतर झालें, तें हत्यारांइतकेंच नकाशांतही दिसून येतें. कारागिराच्या हातांतील ज्ञान हळूहळू कागदावर कसें उतरलें, व अखेर संगणकांत कसें जाऊन बसलें, याची हकीकत थोडक्यांत सांगावी, असा आमचा हेतु आहे.

१७५४ सालीं लंडनमधील थॉमस चिपेंडेल या सुतारानें आपल्या नमुन्यांचा एक मोठा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्यांतील कित्येक खुर्च्यांचा एक पाय एका घाटाचा, तर दुसरा निराळ्याच घाटाचा काढलेला आहे. पाहणारास प्रथम हा वेडेपणा वाटेल. पण एकाच चित्रांत गिऱ्हाइकास दोन नमुने दाखवावे, ही त्यांतील युक्ति होती. लांबीरुंदीचीं मापें त्यांत आढळतात. परंतु कुसू किती लांब ठेवावें, सांधा कसा बसवावा, हें काम करणाऱ्या सुताराच्या समजुतीवर सोडलेलें आहे. चित्रानें थोडें सांगावें व उरलेलें हातानें जाणावें, असा तो काळ होता.

हें न सांगितलेलें कागदावर आणण्याचें साधन फ्रान्समध्यें तयार झालें. मेझिएर येथील लष्करी शाळेंत गास्पार मोंज या गणित्यानें घन वस्तूचे वरून व समोरून असे दोन आलेख एकमेकांशीं जोडून तिचें कोणतेंही माप कागदावरच काढण्याची रीत बसविली. किल्ल्यांच्या बांधणीस ती इतकी उपयोगी पडली कीं, लष्करानें ती कित्येक वर्षें गुप्त ठेविली. १७९५ सालीं पॅरिस येथें मोंजनें तिच्यावर उघड व्याख्यानें दिलीं. पाथरवट व सुतार पिढ्यानुपिढ्या ज्या रेषा आंखीत आले होते, त्यांनाच त्यानें शास्त्राचें रूप दिलें.

माप नेमकें झालें, तसे तुकडेही एकसारखे होऊं लागले. १८५९ सालीं व्हिएन्ना येथील मिखाएल टोनेट यांच्या कारखान्यानें चौदा क्रमांकाची प्रसिद्ध खुर्ची काढली. वाफेनें वांकविलेल्या बीच लांकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू व दोन नट, एवढाच तिचा संसार! सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटर पेटींत मावत. करणारा हात आणि जोडणारा हात यांची आतां गांठ पडण्याचें कारण उरलें नाहीं.

तथापि एक अडचण राहिलीच. आंकडा स्थिर असतो; लांकूड स्थिर नसतें. ओलाव्यानें तें तंतूंच्या आडव्या दिशेनें फुगतें, कोरड्या हवेंत आकसतें. कोंकणांत पावसाळ्यांत टेबलाचे खण कां अडतात, हें तेथील गृहिणींस सांगावयास नको. म्हणूनच जाणता सुतार दाराची मधली फळी चौकटीच्या खाचेंत सरसानें चिकटवीत नाहीं. तिला हलावयास जागा ठेवतो. कागदावरील आंकडा लांकडानें पाळावा, यासाठीं आधीं लांकूडच बदलावें लागलें. प्लायवूड, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांत पसरलेले, लांकडाचा चुरा राळेंत दाबून केलेले तक्ते, यांनीं हें काम केलें. त्यांतूनच जर्मनींत ३२ मिलिमीटर अंतरानें ५ मिलिमीटर व्यासाचीं भोंकें पाडण्याची पद्धति रूढ झाली. अनेक गिरमिटें एकदम फिरविणाऱ्या यंत्रांतील चक्रांच्या सोयीनें हें अंतर ठरलें. म्हणजे माप यंत्रानें ठरविलें, व कपाटानें तें निमूटपणें मानलें.

अशा रीतीनें जमीन तयार झाल्यावर संगणक आला. अमेरिकेंतील मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत १९५२ सालीं भोंकें पाडलेल्या फितीच्या हुकुमानें धातु कापणारें यंत्र दाखविण्यांत आलें. तेथेंच १९६३ सालीं आयव्हन सदरलंड यांनीं स्केचपॅड रचिलें. पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीनें ओबडधोबड रेषा काढावी, आणि ती समांतर वा काटकोनांत असावी असें सांगतांच संगणकानें ती तशी करून द्यावी, असा तो चमत्कार होता. १९८२ सालीं ऑटोकॅड लहान संगणकांवर आलें व आलेखकाराचें फळकूट हळूहळू अडगळींत गेलें. आज नकाशा काढतांच तुकड्यांची यादी होते, आठ फूट बाय चार फुटांच्या तक्त्यावर ते तुकडे कसे मांडावे हें ठरतें, आणि तोच नकाशा कापणाऱ्या यंत्राकडे जातो.

या सोयीची किंमत एका उदाहरणानें कळेल. ६०० मिलिमीटर रुंदीच्या फळीच्या दोन्ही कडांस दोन-दोन मिलिमीटरची पट्टी लावावयाची, तर फळी ५९६ कापली पाहिजे. नकाशा काढणारा हें विसरला, तर यंत्र शंभर फळ्या तितक्याच अचूकपणें चुकीच्या कापील. सुतारानें पहिली फळी बसवून पाहिली असती, कपाळावर आंठी घातली असती आणि रंधा हातीं घेतला असता. यंत्र आज्ञा पाळतें. प्रश्न विचारीत नाहीं.

म्हणून संगणकाचा तिरस्कार करावा, असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें लांकडाची नासाडी कमी केली आहे, व सामान्य कुटुंबास नीटनेटकें कपाट मिळूं लागलें आहे. पण जो प्रश्न पूर्वीं कारागीर कामाच्या जागीं विचारीत असे, तो आतां नकाशा काढणारानें आधींच विचारावयास हवा. आणि लांकडास हात न लावलेल्या माणसास तो सुचावा कसा? आलेखनाच्या वर्गांत संगणकाशेजारीं एक रंधा, एक पटाशी आणि ओल्या हवेंत फुगलेली सागवानी फळी ठेवावी, इतकीच आमची सूचना आहे. शहरांतील भिंती काटकोनांत नसतात. कारखान्यांतून आलेलें कपाट त्या भिंतीशीं बसविण्यासाठीं आजही शेवटीं सुतारच बोलावला जातो. तेव्हां नकाशा काढणारानें त्याच्या शेजारीं कांहीं दिवस उभें राहावें, हें उत्तम.