बोबेश : मेणबत्तीच्या एका उपांगाचा शब्द-इतिहास

मेणबत्तीच्या बुंध्याभोवती बसविलेली, मधोमध छिद्र असलेली आणि ओघळणारे मेण झेलणारी काचेची वा धातूची लहानशी बशी म्हणजे बोबेश होय. हा शब्द मूळचा फ्रेंच. त्याची व्युत्पत्ती निश्चित झालेली नाही. दोऱ्याच्या रिळाला फ्रेंचमध्ये 'बोबीन' म्हणतात, त्याच्याशी काही अभ्यासक त्याचे नाते जोडतात. फ्रेंचमध्ये मेणबत्ती खोवण्याच्या खोबणीलाही बोबेश म्हणतात. इंग्रजीत मात्र तिचा अर्थ मेण झेलणाऱ्या बशीपुरता संकोचला. या अर्थसंकोचामागे दिवाबत्तीच्या साधनांतील एक मोठे स्थित्यंतर दडलेले आहे.

युरोपात शतकानुशतके दोन प्रकारच्या मेणबत्त्या प्रचारात होत्या. गुरामेंढरांच्या चरबीची 'शांदेल' सामान्यांच्या घरी जळे, तर मधमाशीच्या मेणाची 'बुजी' चर्च व दरबार यांच्यासाठी राखीव असल्यासारखी होती. ('बुजी' हे नाव मेणाची निर्यात करणाऱ्या अल्जीरियातील बुजी, म्हणजे आजच्या बेजाया, या बंदरावरून पडले.) चरबी सुमारे 40 ते 45 अंश सेल्सिअसला वितळते, मेण 62 ते 64 अंशांना. साहजिकच चरबीची बत्ती अधिक गळे. वात वेळोवेळी कातरली नाही तर ज्योत भडके, काजळी धरे आणि ओघळ वाढे. मेण महाग असल्याने उरलेल्या तुकड्यांनाही मोल होते. राजवाड्यांतील सेवकवर्ग असे तुकडे आपल्या हक्काची मिळकत मानीत असे. इंग्लंडमध्ये तर 1709 ते 1831 या काळात मेणबत्तीवर कर होता. अशा परिस्थितीत ओघळ झेलणारे भांडे हे केवळ स्वच्छतेचे साधन नव्हते.

या भांड्याची जागाही बदलत गेली. मध्ययुगीन दीपदानात मेणबत्ती अणकुचीदार खिळ्यावर रोवीत व खिळ्याखाली पसरट ताटली असे. सतराव्या शतकातील इंग्रजी पितळी दीपदानांत ती दांड्याच्या मध्यावर आढळते. अठराव्या शतकाच्या मध्यापासून चांदीच्या दीपदानांच्या तोंडाशी सुटी, काढून धुता येणारी खोबण बसविली जाऊ लागली. आपल्याकडील समईत पात्रातून निथळणारे तेल खालच्या ताटलीत उतरते. तेथे ताटली समईचाच भाग असल्याने तिला वेगळ्या नावाची गरज पडली नसावी.

स्थित्यंतर घडले ते 1825 च्या सुमारास. शेव्ह्रल व गे-ल्युसॅक यांनी त्या वर्षी चरबीतील आम्लांपासून मेणबत्ती करण्याचे एकस्व घेतले. स्टिअरिनची ही मेणबत्ती चरबीपेक्षा कठीण होती. त्याच सुमारास कांबासेरेस यांची वेणीसारखी विणलेली वात आली. ती जळताना वाकून ज्योतीबाहेर येई व तिचे टोक आपोआप जळून जाई. त्यामुळे कातरण्याची गरज संपली, ओघळही कमी झाले.

उपयोग घटला तरी बोबेश नाहीशी झाली नाही, तिचे अलंकरण वाढले. काचेच्या झुंबरांत तिच्या कडेला छिद्रे पाडून लोलक टांगले जात. इंग्रजीत या बशीला 'ड्रिप-पॅन', 'ग्रीस-पॅन' अशी घरगुती नावे होतीच. तरीही एकोणिसाव्या शतकात उशिरा फ्रेंच शब्द उचलला गेला. वस्तू शोभेची झाली तेव्हा तिला नावही शोभेचे हवेसे वाटले, असे अनुमान येथे करता येते. फ्रान्समध्ये मात्र या शब्दाला तसे वलय नव्हते. पॅरिसच्या बुलव्हार द्यु तांप्लवरील एका विदूषकाने तेच नाव धारण केले होते आणि ऑफेनबाख यांच्या 1866 मधील 'बार्ब-ब्ल्यू' या संगीतिकेतील हास्यास्पद राजाचे नावही बोबेशच आहे.

विजेच्या झुंबरांतही बोबेश टिकून राहिली. दिव्याखालच्या पांढऱ्या नळीवर पुष्कळदा वितळल्या मेणाचे खोटे ओघळ घडविलेले असतात, आणि त्यांच्याखाली काचेची बोबेश असते.