कोपऱ्यातली सही
सोलापूरच्या मंगळवार बाजारात रद्दीच्या ढिगातून मी लेखक शोधत नाही. मुखपृष्ठावरची चित्रकाराची सही शोधतो. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, पण गिरणीत मागावर असलेल्या आमच्या वडिलांना त्यांचा नायक झुंजार आधी भेटला तो रघुवीर मुळगावकरांच्या (1918–1976) चित्रातून. फवाऱ्याने रंगवलेला तो तुकतुकीत चेहरा! कुंचल्याचा फटकारा शोधून सापडायचा नाही. मुखपृष्ठं रंगवणारे दुसरे चित्रकार दीनानाथ दलाल (1916–1971), मुळगावकरांसारखेच मूळचे गोव्याचे. त्यांची रेषा मला जास्त आवडते, पण वडिलांपुढे तसं बोलायची सोय नव्हती. या चित्रांचा घात केला बाइंडरांनी. वाचनालयाच्या प्रतीला पुठ्ठा चढवताना मुखपृष्ठच फाडून टाकायचे. त्यामुळे कथा मिळते, चित्र मिळत नाही. आतली पानं वाळवीने खाल्लेली मला चालतात. रद्दीवाला तेवढेच पैसे कमी घेतो.