माशाची ऊ आणि कॅरोलिना

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावर आमचे चितेगाव आहे. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. माझे बालपण मात्र रत्नागिरीकडे गेले, त्यामुळे नाथसागराच्या रोहू-कटल्यांवर पोट भरले तरी जीभ भरत नाही. श्रावण संपल्यावर पहिल्याच रविवारी बर्फाच्या पेटीतून आलेली तारली दिसली, आणि मी भाव न विचारताच किलोभर घेतली.

घरी आल्यावर एका तारलीच्या शेपटीजवळ काहीतरी चिकटलेले दिसले. लांबीला बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा थोडे अधिक, पाठीवर आडव्या पट्ट्या, आणि धरून इतके घट्ट बसलेले की ओढताना खवलेही निघून आले. मासेवालीला दाखवले तेव्हा ती म्हणाली, "ऊ हाय ती माशाची, गुरुजी. फेकून द्या, काही होत नसतंय." सौभाग्यवतींनी त्यास ढेकूण ठरवले आणि सबंध किलो तारली परत करण्याची भाषा सुरू केली. सहावीतल्या नातीने 'किडा' असा निकाल दिला. मी गप्प होतो. गप्प राहण्यास कारण होते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजाऱ्याने शेततळ्यात मासे सोडले. काही महिन्यांनी माशांच्या अंगावर दोऱ्यासारखे काहीतरी लोंबू लागले. त्याने मला विचारले, कारण मी शास्त्र शिकवलेला माणूस. मी पाहिले, आणि मोठ्या रुबाबात 'जंत' म्हणून सांगितले. जंतांचे औषध खाद्यातून देण्यात दोन आठवडे गेले. दोरे तसेच राहिले, मासे मात्र खंगले. पुढे एका जाणत्या माणसाने सांगितले की हा जंत नव्हेच. त्याचे नाव लर्निया. तो खेकडा-कोळंबीचा भाऊबंद आहे. अंगात रुतलेली मादी औषधाला सहसा दाद देत नाही. पाण्यात मोकळी पोहणारी तिची पिले तेवढी औषधाने मरतात. म्हणजे औषध माशाच्या पोटात नव्हे, पाण्यात जायला हवे होते, आणि तेही पुन्हा पुन्हा. शेजारी मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

नंतर पुस्तके उघडली तेव्हा कळले की ही चूक करणारा मी पहिला नव्हे. लिनियसने १७५८ साली सर्व प्राणिसृष्टीची वर्गवारी मांडली, तेव्हा त्यानेही लर्नियाला कृमींतच बसवले. पुढे क्युव्हिएसारख्या धुरंधरानेही तिला जंतांच्याच रांगेत ठेवले. त्यांना तरी दोष काय द्यावा? समोर दिसत होता तो एक दोरा. पाय जवळजवळ नाहीसे झालेले, अंगाची पेरे मिटलेली, डोके माशाच्या मांसात नांगरासारखे रुतलेले. फुकटच्या अन्नावर जगता जगता या प्राण्याने कुळाच्या सगळ्या खुणा पुसून टाकल्या होत्या.

त्या खुणा सापडल्या त्या पोराबाळांत. १८३२ साली बर्लिनमध्ये अलेक्झांडर फॉन नॉर्डमान या फिनलंडमध्ये जन्मलेल्या तरुणाने अशा परोपजीवींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली फुटताना पाहिली. आतून कृमी निघाला नाही. निघाले पायांच्या तीन जोड्यांचे, कपाळावर एकच डोळा असलेले, टुणटुण पोहणारे पिल्लू, आणि ते पाण्यातल्या इतर सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या पिलासारखे हुबेहूब होते. थोडे आधी, १८३० साली, आयर्लंडमधील कॉर्क येथे जॉन व्हॉन टॉम्प्सन या लष्करी शल्यवैद्याने खडकांना चिकटणाऱ्या बार्नॅकलचे कुळ त्याच रीतीने शोधले होते. तोवर त्यांना शिंपल्यांचे नातलग समजत. आईबापांच्या तोंडावर न सापडलेले घराणे मुलाच्या चेहऱ्यावर सापडले.

आता तारलीवरच्या त्या पाहुण्याकडे वळतो. तो लर्नियाच्या जवळच्या नात्यातला नव्हे. कुंडीखाली ओल्या मातीत सापडणारा, बोट लावताच पुष्कळदा अंगाचा गोळा करणारा राखी किडा वाचकांनी पाहिला असेल. आमचा पाहुणा त्याचा समुद्रातला चुलतभाऊ. या गणास समपाद म्हणतात, कारण त्यांचे पाय साधारण एकसारखे असतात. माशांना असले काही चिकटते हे अॅरिस्टॉटलच्या काळापासून माहीत होते. ट्यूनाच्या परांजवळ कोळ्याएवढा, विंचवासारखा दिसणारा जीव बसून माशाला पिसाळवतो, असे त्याने नोंदले आहे, आणि त्यास गुरांच्या गोमाशीचे नाव दिले आहे. (तो जीव बहुधा लर्नियाच्या गोतातला असावा.) लिनियसने तेच गोमाशीचे नाव माशांवरच्या एका समपादाला दिले, पण यावेळी त्यास त्या राखी किड्याच्या शेजारी बसवून नाते बरोबर जुळवले.

नावांच्या इतिहासात खरी मौज पुढे आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील विल्यम एल्फर्ड लीच याने १८१८ साली या प्राण्यांच्या नव्या प्रजाती पाडल्या. त्यांची नावे पाहा: नेरोसिला, अनिलोक्रा, सिरोलाना, रोसिनेला, कोनिलेरा, ओलेन्सिरा. ग्रीक कोश चाळून अर्थ लागणार नाही. कॅरोलिना किंवा कॅरोलाइन या स्त्रीनामाची रोमन अक्षरे उलटसुलट करून ती बनवली आहेत! आणखी एक नाव लिरोनेका व्हायचे, ते 'र'च्या जागी 'व' पडून लिवोनेका झाले, आणि मुद्राराक्षसाचा हा प्रताप शास्त्राच्या नियमाने कायम राहिला. कॅरोलिना कोण, याचा पत्ता लीचने कोणास लागू दिला नाही. त्याची प्रकृती ढासळली, नोकरी सुटली, आणि १८३६ साली इटलीत पटकीने तो वारला. प्रेयसीचे नाव गुलाबाला देणारे पुष्कळ. असल्या प्राण्यांना ते सात वेळा देणारा मला तरी हा एकच भेटला. त्याची परंपरा मात्र मोडली नाही. बांगड्याच्या कल्ल्यांत राहणाऱ्या जातीसाठी १९९० साली नील ब्रूस या शास्त्रज्ञाने नवी प्रजाती केली, आणि नाव ठेवले नोरिलेका. अक्षरे तीच.

आमच्या तारलीवर होती ती नेरोसिला. तारलीच्या गोतावर नेहमी आढळणाऱ्या तिच्या एका जातीचे वर्णन पीटर ब्लीकर या डच लष्करी डॉक्टरने १८५७ साली केले. हा गृहस्थ बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जाकार्ताच्या, बाजारातून मासे विकत घेऊन अभ्यासत असे. तेव्हा मासळीबाजारातून शास्त्र घरी आणणारा मी काही पहिला नव्हे. आपल्याकडे केरळात एन. कृष्ण पिळ्ळै यांनी दक्षिणेतील माशांवरच्या समपादांवर १९६४ साली लिहिले, आणि माशांवरच्या लर्नियाच्या गोताचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९८५ साली भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या मालेत निघाला.

नेरोसिलाचा संसार मोठा चमत्कारिक आहे. मादी पिले पोटाखालच्या पिशवीत वाढवते. बाहेर पडलेल्या पिलास मोठे डोळे आणि पायांच्या सहाच जोड्या असतात. सातवी नंतर फुटते. अंगातली शिदोरी संपण्यापूर्वी त्याला मासा गाठावा लागतो. तारलीसारखे मासे थव्याने हिंडतात, हे त्याच्या पथ्यावर पडते. एकदा बसले की ते प्रथम नर होते आणि पुढे वाढून मादी बनते. एकच प्राणी आधी बाप होतो आणि मग आई, हे जे. एफ. बुलर याने १८७६ साली उघड केले. मादी होताच पोहण्याची कला जाते, आणि तो मासा हेच तिचे जग उरते. यांच्या काही जाती माशाच्या तोंडात राहतात. कॅलिफोर्नियाच्या आखातातली एक तर माशाची जीभ झिजवून स्वतःच जिभेच्या जागी बसते, असे १९८३ साली प्रसिद्ध झाले.

हे सारे मी घरी सांगितले. तळलेला मासा खाणाऱ्याला यातून अपाय नाही, एवढे ऐकल्यावर सौभाग्यवतींनी तवा चढवला. नातीने तो जीव बशीत उलटा केला आणि टाचणीने पाय मोजले.

"आजोबा, सात जोड्या. किड्याला तर तीनच असतात ना?"

"तीनच."

"आणि जंताला?"

"एकही नाही," मी म्हणालो.

तिने तो स्पिरिटच्या बाटलीत घातला. संध्याकाळी शेजारी आला, तेव्हा तिने बाटली त्याच्यापुढे धरून सगळी कथा पुन्हा सांगितली, कॅरोलिनासकट. त्याने बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, "गुरुजी, तळ्यात औंदा पुन्हा मासे सोडलेत. येत्या रविवारी भिंग घेऊन या की. पाणीच बघू आधी."