इंदापूरचा सारा आणि सुप्याचा बाजार



आपल्या घरी जमिनीचा जुना उतारा असेल तर तो एकदा पेटीतून काढून पाहा. त्यावर ‘सर्व्हे नंबर’ हा शब्द दिसेल आणि शेजारी ‘आकार’ म्हणून काही रुपये-आणे लिहिलेले दिसतील. पुढे गटवारी झाली, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आकाराचा आकडा तर आज इतका लहान वाटतो की त्याचे कुणी मनावर घेत नाही. पण एके काळी याच आकड्यावर गावे वसत होती आणि उठत होती. मुंबई इलाख्यातील ही जमाबंदीची पद्धत प्रथम बसली ती आपल्या पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात. तिची हकिकत आज सांगावयाची आहे.

एका बाजूला भीमा, दुसऱ्या बाजूला नीरा आणि नरसिंहपुराजवळ दोघींचा संगम, असा हा मुलूख. नकाशावर पाहिले तर वाटावे, येथे पाण्याला काय तोटा? पण नद्या खोलातून वाहतात आणि पाऊस लहरी. १८१८ मध्ये पेशवाई गेली. फौजा मोडल्या, दरबार मोडला, धान्याला गिऱ्हाईक उरले नाही आणि भाव उतरत गेले. अशा वेळी प्रिंगल नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी करून नवा सारा ठरविला. विलायतेत रिकार्डो, मालथस इत्यादी पंडितांचा खंडाविषयीचा सिद्धांत तेव्हा गाजत होता. त्याच्या आधारे प्रिंगलने हिशेब मांडला : पिकाच्या किमतीतून मशागतीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्यातून शंभरास पंचावन्न सरकारने घ्यावे. कागदावर हे फार नेटके दिसले. पण शेताचा खर्च किती आणि उत्पन्न किती, हे खरे सांगणार कोण? मोजणीच्या कारकुनांनी आकडे भरले, भाव आणखी उतरले आणि १८३० नंतर सारा वसूल होईना. सरकारला दरसाल सूट द्यावी लागे. इंदापुरात शेते पडीक राहिली आणि कुळे गाव सोडून गेली.

१८३५ मध्ये या तालुक्याची पुन्हा पाहणी करण्यास दोघे अधिकारी आले. एक गोल्डस्मिड, मुलकी खात्यातला. दुसरा लेफ्टनंट विंगेट, इंजिनियर. त्यांनी सिद्धांत बाजूला ठेवला आणि पहार हाती घेतली. शेतात खणून माती किती खोल आहे ते हाताने मोजावयाचे, तिचा रंग व पोत पाहावयाचा आणि नऊ प्रतींपैकी एक प्रत द्यावयाची. पावणेदोन हात खोल उत्तम काळी म्हणजे सोळा आणे. तेथून उतरत उतरत अगदी हलक्या बरडाला दोन आणे. खडे, चोपण, उतार असे दोष दिसले की प्रत खाली. १८३६ पासून तालुक्याचा एकंदर सारा त्यांनी कमी केला आणि तो या प्रतींप्रमाणे शेताशेतावर वाटला.

पण दर उतरविण्याइतकीच मोठी गोष्ट पुढेच आहे. हा दर तीस वर्षे बदलावयाचा नाही, असे ठरले. त्या मुदतीत कुणी विहीर खणली, बांध घातला, तर त्याबद्दल जादा सारा नाही. कुणी काय पेरावे याची सक्ती नाही. एखादे शेत नको झाले तर वर्षाअखेर राजीनामा देऊन सोडावे, हवे झाले तर कबुलायत देऊन घ्यावे. थोडक्यात सरकार म्हणाले : आमचे देणे थोडे आणि ठाम, बाकी तुमचे तुम्ही मुखत्यार.

याचा गुण आला, हे नाकारता येत नाही. पडीक जमीन पुन्हा नांगराखाली आली, गेलेली कुळे परतली. नांगर चालला की सुताराला, लोहाराला, चांभाराला काम लागते. माल निघाला की गाडीवानाला भाडे मिळते. तीस वर्षांनी फेरपाहणी झाली तेव्हा तालुक्यात वस्ती, गाड्या आणि विहिरी वाढल्याचे अधिकाऱ्यांनी नोंदविले आहे. कामधंदा वाढावयास सरकारला दर वेळी खजिनाच उघडावा लागतो असे नाही. कित्येकदा मानेवरचा हात काढून घेतला तरी माणूस आपल्या पायांवर उभा राहतो. इंदापूरचा हा पहिला धडा.

येथेच गोष्ट संपली असती तर किती बरे झाले असते! परंतु तिचा दुसरा भाग बारामतीकडे जातो.

सारा हलका झाला, जमिनीवरचा हक्क पक्का झाला, तेव्हा जमिनीला किंमत आली. पूर्वी सावकार पिकावर किंवा माणसाच्या पतीवर कर्ज देई. आता जमीनच गहाण घेण्याजोगी झाली. वसुलीला दिवाणी कोर्ट आले. कोर्ट कागद पाहते. तो कुणी कोणत्या अडचणीत लिहून दिला, हे पाहत नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू असा की व्याज साठू नये. झाले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार मुद्दल-व्याजाची बेरीज करून नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि कुळ अंगठा उठवू लागले.

पुढे १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बोरघाटाच्या रेल्वेचे काम १८६३ पर्यंत चालले होते. मजुरीही चांगली होती. सावकार हात सैल सोडून कर्ज देई. १८६५ ला यादवी संपली आणि भाव कोसळले. नेमकी तेव्हाच इंदापूरची तीस वर्षे भरली. फेरपाहणी करणाऱ्यांनी तेजीचे दिवस पाहून १८६७ मध्ये साऱ्यात मोठी वाढ केली. भाव खाली, सारा वर, आणि सावकाराने हात आखडलेला. कुळाने जावे कुठे?

१२ मे १८७५. सुप्याचा बाजारचा दिवस. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतले हेच सुपे, आज बारामती तालुक्यात आहे. बाजाराला जमलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले. त्यांनी मागितले काय? रोखे, खाती, डिक्र्या. हाती लागलेले कागद त्यांनी जाळले. माणसांवर हात टाकण्याचे प्रकार फारच थोडे झाले. राग होता तो कागदावर. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले आणि त्यात इंदापूर तालुकाही आला. जेथे मोकळीक देऊन शेती उभी केली, त्याच मुलखात चाळीस वर्षांनी ही वेळ आली.

मग मोकळीक वाईट ठरली का? मला तसे वाटत नाही. बाजार चालतो तो बरोबरीच्या माणसांत. चार दुकाने असली तर गिऱ्हाईक मुखत्यार. पण गावात कर्ज देणारा एकच, तोच धान्य घेणारा, लिहिणाराही तोच, आणि समोरच्याला अक्षरओळख नाही, तर त्या सौद्याला मोकळा सौदा कसे म्हणावे? सावकारालाही सरसकट दोष देऊन चालणार नाही. पाऊस गेला तरी सारा रोख भरावा लागे आणि तो बहुधा त्याच्याच तिजोरीतून भरला जाई. त्याच्याशिवाय दुसरी सोयच कुणी उभी केली नव्हती.

ही उणीव आपल्याकडच्या विचारवंतांनी ओळखली. १८७९ च्या शेतकरी कायद्याने कोर्टाला रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला. वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना मांडली, न्यायमूर्ती रानड्यांनी तिचा पाठपुरावा केला. विलायतेहून तिला नकार आला. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात रानड्यांनी स्पष्ट सांगितले की विलायती अर्थशास्त्राची गृहीते सर्व देशांना जशीच्या तशी लागू पडत नाहीत. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. मधल्या काळात नीरेचा डावा कालवा बारामती-इंदापुरात पोहोचला, ऊस आला, पुढे वालचंदनगर आणि सहकारी साखर कारखाने उभे राहिले. कालवा एकट्या शेतकऱ्याने खणावयाचा नसतो आणि पतपेढी एकट्याने चालत नाही. पण त्या पाण्यावर घाम गाळून पीक काढले ते शेतकऱ्यानेच.

म्हणून मला वाटते, इंदापूर आणि सुपे ही दोन नावे एकत्र घ्यावीत. नुसते इंदापूर सांगणारा म्हणेल, सरकारने बाजूला व्हावे की सारे सुरळीत होते. नुसते सुपे सांगणारा म्हणेल, बाजार म्हणजे लूट. दोघांचेही अर्धेच खरे. देणे हलके व ठाम असावे, मेहनतीचे फळ ज्याचे त्याला मिळावे. आणि त्याबरोबर रास्त कर्ज, पाणी व अक्षर यांचीही सोय असावी.

गुरुजनहो, एक करा. मुलांना एखाद्या शेताच्या बांधावर न्या, माती किती हात खोल आहे ते मोजू द्या आणि मग जुन्या उताऱ्यातला आकार वाचून दाखवा. इतिहास पुस्तकात असतो तसा पायांखालीही असतो. आणि घरच्या वडीलधाऱ्यांना माझे एवढेच सांगणे : आजही कागदावर सही करण्यापूर्वी तो मुलाकडून किंवा नातीकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या. सुप्याच्या बाजारात जळालेले रोखे ज्यांच्या अंगठ्यांचे होते, त्यांना तेवढी सोय नव्हती.