कान (उपाहारगृह)

कान : अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेले, आधुनिक हैतियन जेवणासाठी प्रसिद्ध असलेले उपाहारगृह. मुख्य शेफ ग्रेगरी गोर्डे हेच त्याचे मालक आहेत. फ्रेंच शब्दसंग्रह आणि आफ्रिकी भाषा यांच्या संपर्कातून घडलेल्या हैतियन क्रेओल या लोकभाषेत ‘कान’ म्हणजे ऊस. मराठी कानाशी त्याचे केवळ ध्वनिसाम्य आहे. सँ-दोमँग ही फ्रेंच वसाहत अठराव्या शतकात गुलामांना उसाच्या मळ्यांत राबवून युरोपला साखर पुरवीत असे, आणि त्याच गुलामांच्या उठावातून १८०४ मध्ये स्वतंत्र हैती उभा राहिला. त्यामुळे या नावात नुसता गोडवा नाही.

हैतीहून अमेरिकेत आलेल्या आईवडिलांचे पुत्र असलेल्या गोर्डे यांची उमेदवारी न्यूयॉर्कमध्ये झाँ-जॉर्ज व्हाँगरिख्टन यांच्या हाताखाली झाली. पुढे पोर्टलंडमध्ये त्यांनी अनेक वर्षे आशियाई धर्तीचे ‘डिपार्चर’ चालविले व ‘टॉप शेफ’ या दूरचित्रवाणी स्पर्धेमुळे ते सर्वतोमुखी झाले. पूर्वजांच्या पाककृतींकडे ते तसे उशिराच वळले. करोनाकाळातील हिवाळ्यात उबदार गोल तंबूंमध्ये पाहुण्यांना जेवू घालून त्यांनी ‘कान’चा प्रारंभिक प्रयोग केला.

हैतियन स्वयंपाकाचा पाया ‘एपिस’ हा असून, कांद्याची पात, लसूण, अजमोदा, थाइम आणि मिरची यांचे ते हिरवे वाटण असते. ‘ग्रियो’ या पदार्थासाठी डुकराच्या मांसाचे तुकडे आंबट संत्र्याच्या रसात व एपिसमध्ये मुरवून आधी मऊ शिजवितात, मग कडा कुरकुरीत होईपर्यंत तळतात आणि सोबत ‘पिकलीझ’, म्हणजे कोबी, गाजर व जहाल स्कॉच बॉनेट मिरची शिरक्यात मुरवून केलेले लोणचे, वाढतात. अळकुडीच्या जातीच्या कंदाची भजी ‘आक्रा’ म्हणून ओळखली जातात. ‘कान’मध्ये या पदार्थांची मूळ चव कायम ठेवून बऱ्याचशा पाककृतींना लाकडाच्या जाळाची जोड दिली आहे, आधुनिकता आहे ती मांडणीत व तंत्रात.

येथील संपूर्ण स्वयंपाक दूध-लोण्यावाचून आणि ग्लूटेनवाचून, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतील चिवट प्रथिनावाचून, होतो. एरवी हा निर्बंध जाचक ठरला असता. पण तांदूळ, कंद, कच्ची केळी आणि नारळ यांवर पोसलेल्या पाकपरंपरेला तो फारसा जड जात नाही. तथापि हैतीत पाव, मांसाचे सारण भरलेले ‘पाते’ आणि चीजमध्ये भाजलेली मॅकरोनीही आवडीने खाल्ली जाते, तेव्हा ‘कान’ला हैतियन स्वयंपाकाचा संपूर्ण आरसा मानता येत नाही.

अमेरिकेतील सर्वोत्कृष्ट नव्या उपाहारगृहाचा जेम्स बिअर्ड पुरस्कार ‘कान’ला २०२३ मध्ये मिळाला. त्याच इमारतीत खाली ‘सूसोल’ हे कॅरिबियन मद्यगृह असून, क्रेओलमध्ये त्या शब्दाचा अर्थच तळघर असा आहे.