‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरी’त कोण हसले?

परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ २९ जानेवारी २०१० रोजी महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत लागला, तेव्हा तो आधीच नावाजलेला होता. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला होता आणि २००९ साली भारतातर्फे ऑस्करसाठी त्याची निवड झाली होती. ‘श्वास’नंतर हा मान मिळवणारा तो दुसरा मराठी चित्रपट. हिंगोली जिल्ह्यातल्या बहुतेकांनी मात्र तो पुढे दूरचित्रवाणीवर, सीडीवर किंवा मोबाइलवर पाहिला. हिंगोली, वसमत, कळमनुरी आणि सेनगाव भागातल्या अशा प्रेक्षकांशी मी गेली काही वर्षे या चित्रपटाविषयी बोलत आलो आहे. प्रत्येकाला विचारायचा प्रश्न एकच असे : यात हसू आले का, आणि आले तर कोणाचे?

उत्तरे तीन तऱ्हेची मिळाली. वयस्क मंडळींची, विशेषतः निवृत्त शिक्षकांची तक्रार अशी की, दादासाहेब फाळक्यांसारख्या माणसाला ‘विनोदी’ केले. दागिने विकले, विम्याची पॉलिसी गहाण टाकली, डोळे जायची वेळ आली आणि पडद्यावर सगळे कसे गमतीगमतीत चालले आहे! दुसरी तऱ्हा तरुणांची. लग्नाचे व्हिडिओ काढणारा एक जण म्हणाला, “सर, हे तं आमचंच चालू हाय. लोक हसायलेत म्हणून थांबाव का?” तिसरे उत्तर बायकांचे. त्यांतल्या बऱ्याच जणींना फाळक्यांपेक्षा सरस्वतीबाई लक्षात राहिल्या. एक बाई म्हणाल्या, “त्यो करतोय ते दिसतं, पण घर कोण धरून ठिवलं?”

या तिन्ही मतांना इतिहासाची कसोटी लावून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू.

पहिल्या आक्षेपापासून सुरुवात करू. मोकाशी मूळचे रंगभूमीवरचे लेखक-दिग्दर्शक. हा त्यांचा पहिलाच चित्रपट. त्याला आधार बापू वाटवे यांनी लिहिलेल्या फाळके-चरित्राचा आहे. नंदू माधव यांचे फाळके आणि विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई रडत-कुढत नाहीत. संकट आले की दोघे त्याच्याकडे कोडे सुटायचे राहिले आहे अशा नजरेने पाहतात. हा मोकाशींचा शोध की फाळक्यांचाच स्वभाव?

फाळक्यांच्या आयुष्यातले पुरावे पाहिले तर विनोदाचे पारडे बरेच जड भरते. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण असे उद्योग करत चाळिशीला पोहोचला होता. मधल्या काळात तो जादूचे प्रयोगही करी आणि त्यासाठी त्याने आपले आडनाव उलटे फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ असे नाव घेतले होते. १९११ साली गिरगावात ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहून त्याला चित्रपटाचे वेड लागले. फेब्रुवारी १९१२ मध्ये तो लंडनला गेला, ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक केबोर्न यांना भेटला, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवली आणि १ एप्रिलला परतला. आल्यावर त्याने काढलेला पहिला प्रयोग एका कुंडीतल्या दाण्याचा : दाणा रुजतो आणि वेल वाढते, एवढाच. नाटक नाही, राजा नाही, देव नाही. भांडवल देणाऱ्याला पटावे म्हणून कुंडीपुढे कॅमेरा लावून दिवसचे दिवस बसणारा गृहस्थ शेजाऱ्यांना वेडा वाटला नसता तरच नवल.

‘राजा हरिश्चंद्र’ची कहाणी तर विनोदाने काठोकाठ भरलेली आहे. स्त्रीभूमिकेसाठी बाई मिळेना, म्हणून ग्रँट रोडवरच्या एका खानावळीतले आचारी अण्णा साळुंके तारामती झाले. इतर पुरुष साडी नेसायला तयार होते, मिशी काढायला नव्हते. वडील हयात असताना मिशी कशी उतरवायची? सिनेमात काम करतो असे सांगायची लाज, म्हणून नटांनी ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात’ नोकरीला आहोत असे सांगावे अशी युक्ती निघाली. चित्रपटाचे नाव तिथूनच आले आहे. मुंबईबाहेरच्या एका खेड्यात ढाल-तलवारी घेतलेली ही मंडळी दरोडेखोर समजून अडवली गेल्याचा किस्साही सांगितला जातो.

मला सर्वांत बोलका वाटतो तो जाहिरातीचा किस्सा. सुरतेला प्रेक्षक येईनात, तेव्हा फाळक्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, किंमत फक्त तीन आणे, अशा अर्थाची जाहिरात केल्याचे चरित्रकार सांगतात. मी हा हिशेब करून पाहिला. चित्रपटाची लांबी ३,७०० फूट नोंदलेली आहे. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चौकटी बसतात. म्हणजे ५९,२०० चौकटी झाल्या. छायाचित्रांचा आकडा जवळजवळ खरा आहे. दोन मैल म्हणजे मात्र १०,५६० फूट. फाळक्यांची फिल्म पाऊण मैलही भरत नाही! मोजणारा कारागीर आणि गर्दी जमवणारा जादूगार एकाच वाक्यात शेजारी बसले आहेत. मोकाशींनी रंगवलेला फाळके हाच आहे.

प्रेक्षकांनाही हसण्याचे वावडे नव्हते. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. त्या खेळाच्या जाहिरातीत सत्यवादी राजाच्या जोडीला मिस आयरीन डेलमारचे नृत्य, मॅक्लेमेंट्सचा विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर होता. पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’बरोबर फाळक्यांनी स्वतःच ‘पीठाचे पंजे’ ही छोटी विनोदी फिल्म दाखवली. तेव्हा विनोदाने फाळक्यांचा अवमान झाला, हा आक्षेप टिकत नाही.

तरीही आमच्या शिक्षकमंडळींच्या तक्रारीत एक खरी गोष्ट आहे. चित्रपट पहिल्या यशानंतर आणि लंडनच्या दुसऱ्या वारीच्या सुमारास थांबतो. फाळक्यांचे आयुष्य तिथे थांबले नाही. १९१८ मध्ये नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. भागीदारांशी मतभेद झाले, तेव्हा ते सगळे सोडून काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ नाटक लिहिले, पुन्हा परतले. बोलपट आला आणि त्यांचा काळ मागे पडला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये ते वारले, तेव्हा ज्या धंद्याचा त्यांनी पाया घातला तो त्यांच्याशिवाय जोरात चालला होता. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जाऊ लागला. हौशी माणसाची गोष्ट विनोदी ठेवायची असेल, तर ती कुठे थांबवायची हे ठरवावे लागते. मोकाशींनी ते ठरवले. तो त्यांचा हक्क आहे. पण पुढची तीस वर्षे प्रेक्षकाने आपल्या मनात जोडून घ्यायला हवीत.

आता दुसरे मत. ‘हे आमचंच चालू हाय’ म्हणणाऱ्या तरुणाच्या मागे आपल्या भागाचा एक वेगळा इतिहास आहे. पूर्णा-हिंगोली लोहमार्ग सुरू झाला तो १९१२ साली, म्हणजे फाळके लंडनहून परतले त्याच वर्षी. पण आपण होतो निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात. राजधानी हैदराबाद. तिथे १९२२ मध्ये धीरेन गांगुली या बंगाली कलावंताने लोटस फिल्म कंपनी काढली. हा मुळात विनोदी चित्रपटांचा माणूस. विलायतेहून परतलेल्या तरुणाची टर उडवणारा १९२१ चा ‘बिलात फेरत’ त्याच्याच नावावर आहे. १९२४ मध्ये त्याने आपल्या थिएटरात ‘रझिया बेगम’ हा चित्रपट दाखवला आणि निजामाची मर्जी फिरली. त्याला संस्थान सोडावे लागले. मुंबईत हौशी माणसाला सावकार आणि शेजारी आडवे येत होते. आपल्याकडे खुद्द सत्ताच आडवी आली. मराठवाड्याचा गावकरी पुढे कित्येक वर्षे जत्रेतल्या तंबूत बसणारा प्रेक्षकच राहिला. कॅमेरा त्याच्या हातात आला तो थेट लग्नाच्या व्हिडिओच्या काळात.

महाराष्ट्रात या वाटेवरचे ठळक गाव मालेगाव. योगायोग असा की फाळक्यांचे त्र्यंबकेश्वर आणि मालेगाव एकाच नाशिक जिल्ह्यात आहेत. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी यंत्रमागाच्या गावातले मित्र गोळा करून २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ निघाला, त्याची निर्मिती फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात टिपली. ट्रॉली नाही म्हणून सायकल, स्टुडिओ नाही म्हणून ट्रकच्या अंगाला बांधलेले हिरवे कापड, आणि चित्रीकरणात एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडतो. सुपरमॅन झालेला शफीक शेख हा हातापायाने किरकोळ विणकर. माहितीपट २०१२ मध्ये भारतातल्या चित्रपटगृहांत लागला, पण शफीक आदल्याच वर्षी कर्करोगाने गेला होता. २०२५ च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ आला. त्यात मोकाशींनी न दाखवलेला भाग आहे : यश आल्यावर मित्रांत पडणारी फूट आणि एकाचा मृत्यू. दोन्ही चित्रपट पाहिलेल्या आमच्याकडच्या पोरांना मालेगाव जास्त ‘खरा’ वाटतो आणि फाळके जास्त ‘भारी’. मला या दोन विशेषणांतला फरक महत्त्वाचा वाटतो. फाळक्यांना पुढे जग मान देणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते, म्हणून त्यांची फजिती पाहताना जीव टांगणीला लागत नाही. शफीकच्या बाबतीत ती हमी नाही. सेनगावच्या पोराच्या बाबतीत तर नाहीच. त्याची हौस हौसच राहील आणि गाव हसतच राहील, ही शक्यता त्याला रोज दिसते.

तिसऱ्या मताकडे अभ्यासकांनी उशिरा लक्ष दिले, प्रेक्षक बायकांनी लगेच दिले. सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत. कच्च्या फिल्मला भोके पाडण्याचे काम रात्री, अंधारात त्या करत. रसायने मिसळत, आणि भर उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडत. आजच्या भाषेत सांगायचे तर निर्मिती-व्यवस्था, प्रयोगशाळा आणि प्रकाशयोजना ही तीन खाती एका बाईकडे होती, आणि ती दिवसभराच्या घरकामाच्या वर. दागिने तर तिने दिलेच. फाळक्यांनी तिला तारामतीची भूमिका विचारली, ती तिने नाकारली, असे सांगतात. मोकाशींच्या चित्रपटात नवरा-बायकोचे जे खेळकर नाते आहे, त्यामुळे हे कष्ट हलके वाटतात. मी ज्या बायकांशी बोललो त्या इथेही हसल्या, पण नवऱ्याने घरातले सामान विकायला काढले तिथे हसल्या नाहीत. “आमच्या घरात असं झालं असतं तं मी माहेर गाठलं असतं,” असे एक जण म्हणाली; आणि थोडे थांबून, “पण तिनं गाठलं नाही, म्हणून सिनेमा झाला.” चित्रपटाच्या इतिहासाची पुस्तके हे इतक्या थोडक्यात सांगत नाहीत.

तेव्हा कोण हसले, याचे उत्तर हसणारा कुठे बसला आहे यावर अवलंबून असते. ज्याला फाळके पूज्य आहेत तो हसायला कचरतो. ज्याच्या स्वतःच्या हातात कॅमेरा आहे तो धीर मिळाला म्हणून हसतो. जिच्या डब्यातून पैसे जाणार आहेत ती मध्येच गप्प होते. चांगला विनोदी चित्रपट या तिघांना एका तंबूत बसवू शकतो, हे ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरी’चे खरे यश.

एक गोष्ट मात्र हौशी माणसाच्या हातात नसते : टिकणे. ‘राजा हरिश्चंद्र’चे आज पहिले आणि शेवटचे रीळ तेवढे उरले आहे, तेही १९१३ चे की १९१७ च्या नव्या आवृत्तीचे, यावर अभ्यासकांत वाद आहे. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले, पी. के. नायर यांच्यासारख्यांनी गावोगाव फिरून रिळे जमवली, म्हणून निदान एवढे हाती आहे. फाळक्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ या नावाची फिल्म काढली होती. तिचे उरलेले तुकडे पाहताना स्वतः काम करणारे फाळके दिसतात, घाईत, गुंग झालेले.

आमच्या जिल्ह्यातल्या पोरांनी काढलेल्या लघुपटांची काय स्थिती आहे, ते मी त्या व्हिडिओवाल्याला विचारले. पहिली दोन कामे कॅसेटवर होती, त्यांना बुरशी लागली. तिसरे एका मेमरी कार्डात होते. ते कार्ड पुसून त्यावर एका बारशाचे चित्रीकरण केले. “गिऱ्हाईक दारात उभं होतं, सर,” तो म्हणाला. चौथे त्याच्याकडे आहे. त्याची एक प्रत मी मागून घेतली आहे.